मागचा माणूस

वहिनींचा फोन आला तेव्हा मी माझ्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होतो आणि एकशे बाराव्या पानावरच्या एका अनुस्वारावर माझी पेन्सिल टेकलेली होती. चौदा महिन्यांत त्यांनी मला फोन केला नव्हता. मीही केला नव्हता. आमच्या घराण्यात अशा परस्परसंयमाला समजूतदारपणा म्हणण्याची पद्धत आहे. त्यांनी ख्यालीखुशाली विचारली नाही. "भाऊजी, ती कयाक मला तळ्यावर न्यायचीय," त्या म्हणाल्या. "उचलायला माणसं गोळा करू नका. एखादा गाडा करा, दोन चाकांचा. घरच्या घरी पाइपांचा करतात लोक, मी पाहिलंय." मी म्हणालो, "आता कशाला, वहिनी?" "हे सापडले ती जागा मला बघायचीय. तिथं पायी जाता येत नाही, नुसतं लव्हाळं आणि चिखल. पाण्यातूनच जावं लागतं. तळ्यावरच्या त्या पहारेकऱ्याला मी सगळं विचारून घेतलंय." पेन्सिलीचं टोक मोडलं आणि त्याचा बारीक काळा कण अनुस्वाराशेजारी दुसरा अनुस्वार होऊन बसला. "सगळं म्हणजे काय काय विचारलंत?" "जागा कुठली, ते. दुसरं काय विचारणार?" वहिनींनी चौतीस वर्षं शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून काढली होती, आणि वेळ ठरवताना त्यांचा आवाज अजूनही तिथलाच होतो. "शनिवारी नऊला येते. गाडा तयार ठेवा."

वस्तुस्थिती थोडक्यात नोंदवतो, कारण ती थोडकीच आहे. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तांत्रिक विद्यालयात यंत्रांची रेखाटनं शिकवायचा. निवृत्तीनंतर त्याने ही कयाक घेतली: वल्ह्यांची होडी, पिवळी, जाड प्लास्टिकची, दोघांनी वर बसायची, आतून पोकळ. त्याच्या इमारतीत जागा नव्हती आणि तळं माझ्या इमारतीपासून बाराशे पावलांवर, म्हणून ती माझ्या पार्किंगमध्ये दोन जुन्या टायरांवर राहिली. नऊ वर्षं दर रविवारी आम्ही ती उचलून नेली, तो पुढे आणि मी मागे. नियम त्याने पहिल्याच दिवशी घालून दिला होता: पुढच्याने वाट सांगायची, मागच्याने बूच लावायचं. मागच्याला समोरचं काही दिसत नाही; त्याला दिसते ती पुढच्याची मान. म्हणून दादा ओरडायचा, "दगड. डावीकडे. उतार." आणि कयाकच्या मागच्या टोकाला अंगठ्याएवढं भोक असतं, पोटात झिरपलेलं पाणी काढून टाकायला. घरी असताना त्याचं बूच काढून दोरीला लोंबत ठेवायचं, म्हणजे आत हवा खेळते. पाण्यात उतरवण्यापूर्वी ते आटे फिरवून घट्ट लावायचं. नाही लावलं तर होडी लगेच बुडत नाही, हीच त्यातली ग्यानबाची मेख. ती सावकाश पाणी पिते. पंधरा मिनिटं काही कळत नाही. अर्ध्या तासाने ती जड होते, आणि मग ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला आतलं पाणी धावतं. चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी मी काठापर्यंत गेलो, टोक खाली ठेवलं आणि घरी परत आलो. दादा एकटा गेला. पाण्यात तरंगतं ठेवणारं जाकीट तो अंगात घालत नसे, बुडाखाली उशीसारखं घेत असे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो लव्हाळ्यात सापडला, आणि त्याच्यापासून शंभरेक हातांवर उलटी झालेली कयाक. पहारेकऱ्याने ती ओढून आणली, सरळ केली आणि टेम्पोत घालून माझ्या पार्किंगमध्ये पाठवली. मी तिला पाहिलं तेव्हा बूच दोरीला लोंबत होतं.

आता यातून शक्यता दोनच निघतात. एक: पहारेकऱ्याने पाणी काढायला ते उघडलं, होडी ओळखणारा कुठलाही माणूस तेच करेल. दोन: ते मुळात लागलेलंच नव्हतं. पंचनाम्यात बुचाचा उल्लेख नाही. तिथे जोराचा वारा आहे, तोल जाणं आहे, वय आहे. मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं न देणं ही माझ्या व्यवसायातली पहिली शिस्त.

मला आठवत नाही असं नाही. मला उत्तम आठवतं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, साडेतीन फेरे, शेवटचा अर्धा फेरा जरा दाबून, रबराचा थंडपणा, नखाखाली गेलेली वाळू. न्यायालयात हे चित्र शपथेवर मांडता येईल. पण मी चाळीस वर्षं हस्तलिखितांच्या पाठांची छाननी केली आहे, आणि एवढं सुबक, एवढं निर्दोष वाक्य समोर आलं की माझा हात आपोआप तळटीपेकडे जातो. नऊ वर्षांतले रविवार चारशेच्या वर भरतात. ही आठवण त्यांतल्या कुठल्या रविवारची? साक्षीदार चारशे, आणि सगळे एकमेकांची नक्कल करून आलेले. जो एकच हवा आहे, त्याचं पान गहाळ.

त्या दिवशी माझं चित्त कुठे होतं ते मात्र नेमकं सांगता येतं. तिसऱ्या वळणावर दादा मागे न पाहता म्हणाला (ओझं हातात असताना मागे पाहता येत नाहीच), "तुझी प्रस्तावना वाचली रे." अकरा वर्षांचं काम होतं ते. मी गप्प राहिलो. स्तुती ऐकताना गप्प राहावं एवढं मला कळतं. "चांगली आहे. पण तुझ्या त्या वंशवृक्षात नातू आजोबाच्या आधी जन्माला आलाय." पोथ्यांच्या त्या वंशवृक्षात मी तिसरी पोथी दुसरीच्या नकलेवरून उतरवलेली दाखवली होती, आणि खालच्या टीपेत मीच छापलेल्या तारखांप्रमाणे तिसरी दुसरीपेक्षा अकरा वर्षांनी जुनी निघत होती. तीन प्राध्यापकांनी परीक्षणं लिहिली होती; एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. रेखाटनं शिकवणाऱ्या मास्तराच्या आलं, कारण तो आकडे वाचायचा. तो हसला. मला त्याची मान हसताना दिसली. "छापून झालंय ना? मग असू दे. कोण वाचतंय." त्यानंतर काठापर्यंत चारशे पावलं असतील. त्या चारशे पावलांत मी मनात वाक्यं रचत गेलो, रेखीव, पोटवाक्यांसकट, प्रत्येक पहिल्यापेक्षा अधिक जहरी, आणि त्यांतलं एकही बोललो नाही. टोक खाली टेकलं. "बसतोस ना?" त्याने विचारलं. "काम आहे," मी म्हणालो. टोक टेकणं आणि ते दोन शब्द यांच्या मधल्या वेळात माझा हात बुचावर होता की खांद्यावरच्या पिशवीवर, एवढाच माझ्या उरलेल्या आयुष्याचा अभ्यासविषय आहे.

आणि तो सोडवण्याचं साधन बाराशे पावलांवर, तळ्याकाठच्या टपरीत, रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बसलेलं होतं. पहारेकऱ्याला एक प्रश्न. दहा शब्दांचा. मी तो चौदा महिने विचारला नाही. कधीकाळी एका विद्वानाची मी छापील खरडपट्टी काढली होती, कारण त्याने एका वृद्ध लेखनिकाची साक्ष 'सवडीने' घ्यायची ठेवली आणि लेखनिक दरम्यान वारला. त्या लेखात 'अक्षम्य' हा शब्द तीनदा आहे. भेटायला आलेले लोक माझ्या बैठकीत बसून म्हणत होते, आवडत्या जागी गेला, पाण्यानं नेलं, असं मरण यायला भाग्य लागतं; आणि मी त्यांना पाणी देत होतो, खुर्च्या सरकवत होतो आणि मनातल्या मनात एकेकाचं व्याकरण मोडून ठेवत होतो. पाण्यानं नेलं. पाणी नेत नाही. पाणी जागा दिसली की आत येतं, इतकंच.

गाडा करायचा म्हणजे आधी नळाच्या सामानाचं दुकान. दुकानदार मला ओळखतो. माझ्या स्वयंपाकघरातला नळ त्याच्या पोटापाण्याची सोय आहे. "आज काय गळतंय, सर?" त्याने विचारलं. "काही गळत नाही. पाइपांचा गाडा करायचाय. होडी न्यायला." त्याने चष्मा वर केला. "होडी पाण्यात चालते ना, सर?" "पाण्यापर्यंत नाही चालत." "हे बाकी खरं," तो म्हणाला आणि एवढ्यावर समाधान पावून त्याने दीड इंची पाइप कापून दिला, आठ एल्बो, सहा टी असे जोड, आणि ते चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. "जोड आधी कोरडे बसवून बघा. एकदा सोल्युशन लावलं की दहा मोजायच्या आत दाबा. नंतर ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही." मला ही अट भयंकर वाटली. अकरा वर्षं मी एकेक शब्द फिरवून, काढून, परत बसवून पाहिला होता आणि तरी नातू आधी जन्माला आलाच. इथे दहा आकड्यांत कायमचं.

मी पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून तीन दुपारी बसलो. पाइपाची करवतीने कापलेली कड कानशीने साफ करायची, आतला चुरा फुंकायचा, दोन बाजूंना दोन कमानी, त्यांच्यावर फोमची नळी चढवायची म्हणजे होडीचं पोट खरचटत नाही, खाली टी जोडांतून लोखंडी दांडा आरपार, तोच आस. वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "काय, प्रयोगशाळा उघडलीत का?" मी म्हणालो, "हो." मला हातकाम येत नाही, असं दादा आयुष्यभर म्हणत आला. "तुला खिळा ठोकायला पण आधी पुस्तक लागतं," हा त्याचा विनोद. तरी माझी मापं काटेकोर होती. मी प्रत्येक माप पाच वेळा घेतलं, पाच नोंदी केल्या आणि त्यांतली सर्वांत विश्वसनीय निवडली. कयाकची रुंदी घ्यायला वाकलो की ती मागच्या टोकाला निमुळती होत जाते तिथे माझी नजर जायची आणि लोंबणाऱ्या बुचाच्या अलीकडे थांबायची. चौदा महिने कोणी त्याला हात लावला नव्हता. वाऱ्याने ते हलायचं आणि प्लास्टिकवर टक्, टक् आपटायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या अभ्यासिकेत हा आवाज पोचणं शक्य नाही, हे मी पायऱ्या मोजून, खिडक्या बंद करून सिद्ध केलं होतं. तरी मुद्रितं वाचताना मधूनच मान वर व्हायची.

चाकं फाटकाशेजारच्या सायकलवाल्याने दिली, लहान मुलांच्या सायकलीची, मोडीत निघालेली पण हवा धरणारी. गुरुवारी तो स्वतःच ती आसावर चढवायला आला. नट आवळून त्याने गाडा फिरवून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. "हा होडीला कुठं लावणार?" मी दाखवलं. मागच्या टोकाखाली मी खुणा केल्या होत्या, कमानींचा आकारही तिथल्याच रुंदीचा होता. "मागे का?"

"मागचा माणूस नाही, म्हणून."

"नाही म्हणजे? वारला?"

"वारला तो पुढचा."

सायकलवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. "मग गाडा पुढे पाहिजे ना, सर. तुम्ही तर स्वतःलाच काढून टाकलंत." तो हसायला लागला होता, पण माझ्याकडे पाहून थांबला. "आणि खरं तर पुढेही नको, मागेही नको. गाडा मधोमध बसतो. तोल साधला की एका बोटानं चालते. असं मागे लावलंत तर ओढणाऱ्याला पुढचं अर्धं वजन उचलावं लागेल. अर्धाच माणूस वाचतो यात." मग त्याने होडी बांधायचा पट्टा मी आखलेल्या जागेवरून फिरवून पाहिला. "शिवाय हा पट्टा बरोबर बुचावर येतोय. लावणार-काढणार कसं? बूच पार झाकलं गेलं की." त्याने सहज म्हटलं. सायकलवाल्याला काय माहीत. मी पट्ट्याकडे पाहत राहिलो. पाच वेळा घेतलेलं माप, पाच नोंदी, आणि त्या सगळ्यांतून माझ्या हाताने शांतपणे, विद्वत्तापूर्वक, ते भोक दिसणार नाही अशी सोय करून ठेवली होती.

ब्रह्मदेव येणार नव्हता, म्हणून मी करवत घेतली. चिकटलेले चार जोड कापून टाकले, दुकानदाराकडून नवे आणले ("म्हटलं होतं ना, सर, आधी कोरडं बसवा"), आणि कमानी मधल्या रुंदीच्या केल्या. तोलाचा बिंदू शोधायला कयाक एका पाइपावर ठेवून मागेपुढे सरकवावी लागते. दोन्ही टोकं जमिनीपासून सुटली आणि ती क्षणभर हवेत आडवी, स्थिर राहिली, तेव्हा मी हात काढून घेतले. बत्तीस किलोंची वस्तू, नऊ वर्षं दोन म्हातारे धापा टाकत वाहत होते, आणि तिला दोघांपैकी कोणाचीच गरज नव्हती. शुक्रवारी चार वाजता मी ती बांधून पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहिली. मी पुढे होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पुढे होतो. खडीवरून चाकं जाताना पोकळ पोटात आवाज घुमतो, बंद खोलीत कोणीतरी पुटपुटावं तसा. मागच्याला तो कधी ऐकू येत नाही, त्याच्या स्वतःच्या श्वासात बुडून जातो. पुढच्याला मात्र तो नेमका मानेवर येतो. म्हणजे नऊ वर्षं दादा हे ऐकत चालायचा. मी थांबलो, आवाज थांबला. चाललो, सुरू झाला. माझ्या मानेवर कोणाची तरी नजर होती, तिथे, जिथे केस संपतात. मी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहायला मज्जाव नव्हता, ओझंही हातात नव्हतं. सवय, दुसरं काय.

वहिनी शनिवारी नऊला पाच मिनिटं असताना आल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते आणि त्या पूर्वीपेक्षा ताठ चालत होत्या. त्यांनी गाड्याभोवती एक फेरी मारली, आस हाताने हलवून पाहिला, पट्ट्याची गाठ तपासली. "बरा केलात," त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या खुंटीला दोन जाकिटं होती. त्यांनी दोन्ही काढली आणि एक माझ्या खांद्यावर टाकलं. "मला कशाला?" "राहू दे." मी पुढची दोरी धरली. त्या मागे गेल्या आणि टोकावर हात ठेवून चालू लागल्या. वजन नव्हतंच, तो हात नुसता होता. बूच त्यांच्या मनगटाजवळ लोंबत होतं. रस्त्यावर धुलाईच्या दुकानाची वाफ होती, एक बाई पायरी धूत होती, फाटकात एक कुत्रं आमच्याकडे पाहून उठलं आणि विचार बदलून परत बसलं. "दगड," मी म्हणालो. "दिसला," वहिनी म्हणाल्या. गाडा असला की मागच्यालाही दिसतं, हे मी विसरलो होतो.

तिसऱ्या वळणावर त्या म्हणाल्या, "इथंच सांगितलं का ह्यांनी तुम्हाला?"

"काय?"

"तुमच्या पुस्तकातलं. नातू आणि आजोबा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच सांगा म्हटलं होतं. हे नकोच म्हणत होते. महिनाभर टाळलं. म्हणायचे, छापून झालंय आता, त्याला लागेल. मी म्हटलं, पाठचा भाऊ आहे, तुम्ही नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? त्या सकाळी निघताना पण म्हटलं, आज सांगून टाका एकदाचं." चाकं चालत होती, त्या थांबल्या नाहीत. "तुम्ही अर्ध्यातून परत आलात. यांच्याबरोबर बसला नाहीत. मग चौदा महिने पायरी चढला नाहीत. मी समजायचं ते समजले. माझं तोंड बघायचं नसेल तुम्हाला."

मी त्या चूक आहेत असं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, तिथल्या तिथे, पुढच्या पावलाच्या आत. सोल्युशन लावलेल्या जोडासारखी ही वाक्यं असतात. मी वाक्य रचू लागलो. दादाने महिनाभर टाळलं होतं. जे मला त्याचं हसणं वाटलं, ते महिनाभर पोटात घेऊन हिंडलेल्या माणसाचं सुटकेचं हसणं होतं, आणि 'कोण वाचतंय' हे माझी समजूत घालणं. या नव्या पुराव्याच्या उजेडात मी ती मान पुन्हा पाहिली. तिच्यावरची शीर ताठ होती. की ही शीर मी आत्ता घातली? रस्ता उतरला, खडी सुरू झाली, होडीच्या पोटातलं पुटपुटणं वाढलं, आणि माझं वाक्य पुरं होण्याआधी तळं आलं.

पहारेकरी टपरीबाहेर बाकाला हिरवा रंग देत होता. "आलात का, ताई," तो वहिनींना म्हणाला. मला त्याने ओळखीचा नमस्कार केला. मी दोरी सोडली आणि त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. वहिनी चार हातांवर होत्या. त्या दूर जाईपर्यंत मी थांबू शकलो असतो. "एक विचारायचंय," मी म्हणालो. "ही सापडली त्या दिवशी, तुम्ही हात लावायच्या आधी, हे बूच लावलेलं होतं की असंच लोंबत होतं?"

दहा शब्दांत बसला नाही प्रश्न. त्याने ब्रश डब्यावर निथळत धरला आणि बुचाकडे पाहिलं. "तेव्हा विचारलं असतंत ना साहेब, तर लगेच सांगितलं असतं."

"आठवून पाहा."

"आठवतंय, तीच तर पंचाईत आहे. एकदा आठवतं की मी फिरवून काढलं, घट्ट होतं, फडकं लावून फिरवावं लागलं. आणि एकदा आठवतं की लोंबतच होतं, नुसतं उचलून पाणी काढलं. त्यानंतर चार होड्या काढल्या मी. कुठल्या होडीचं कुठलं, काय सांगू?" त्याने माझा चेहरा निरखला. तो वाईट माणूस नव्हता. "काही कागद पाहिजे असला तर सांगा. जे पाहिजे ते लिहून देतो."

मी नको म्हणालो. लेखनिक जिवंत होता, समोर उभा होता, हातात ब्रश होता, आणि वारला होता. अक्षम्य, तीनदा. मागे वळलो तेव्हा वहिनी होडीच्या मागच्या टोकाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि भोकाकडे पाहत होत्या, जखमेत अजून काही राहिलंय का पाहावं तशा.

"बूच तुम्ही लावायचं असायचं?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"हो. मागच्याने."

"मग लावलंत का?"

"माहीत नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"दुसरं नाही माझ्याजवळ, वहिनी. तुमचं तोंड बघायचं नव्हतं असं नाही. माझं दाखवायचं नव्हतं."

वारा नव्हता. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला लव्हाळ्याची काळसर रेघ होती. ती मी चौदा महिने न पाहता पाठ केली होती. "आमच्याकडे," वहिनी शेवटी म्हणाल्या, आणि आवाज तिथलाच होता, "पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे मोजायचे. मोजणारीने मोठ्यानं म्हणायचं, दुसरीनं ऐकून परत म्हणायचं. कोणी 'मोजले असतील' म्हणालं, तर शिवलेलं पोट पुन्हा उघडायचं. चौतीस वर्षांत दोनदा उघडलं."

"हे आता कसं उघडणार?"

"नाही उघडत." त्यांनी पट्टा सोडला. होडी दोन्ही हातांनी थोडी कलती केली, गाडा पायाने बाहेर ढकलला, आणि तो खडीवर एक फेरा घेऊन आडवा पडला. अर्धी होडी पाण्यात, अर्धी काठावर. "जाकीट घाला. बंद लावा. आणि पुढे बसा."

"मी? मी नेहमी..."

"मागे मी बसते."

त्या अजून त्या टोकाशी उकिडव्या होत्या आणि बूच त्यांच्या हाताशी लोंबत होतं. मला थांबता आलं असतं. पाहता आलं असतं. मी होडीच्या कडेकडेने चालत पुढे गेलो. पाणी घोट्यांना लागलं, मग पोटऱ्यांना. पुढच्या बैठकीवर बसलो, वल्हं मांडीवर घेतलं आणि समोर पाहत राहिलो, कारण पुढच्याने समोरच पाहायचं असतं. मागे खडी करकरली. गुडघा टेकल्यासारखा आवाज आला, श्वास आला, मग काहीच नाही. बूच फिरवताना आवाज होत नाही. साडेतीन फेरे, आणि आवाज शून्य. हे मला चारशे वेळा माहीत आहे. मी त्या मोठ्याने म्हणण्याची वाट पाहिली. त्या म्हणाल्या नाहीत. मला विचारण्याचा हक्क होता, एका शब्दाचा प्रश्न होता, आणि त्या खरं उत्तर देतील याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. होडी मागून ढकलली गेली, तिचं पोट खडीवरून घासत सुटलं, त्यांचं वजन माझ्या पाठीमागे चढलं, आणि काठ आमच्यापासून निघाला.

"वाट सांगा," वहिनी म्हणाल्या.

"उजवीकडे," मी म्हणालो. "पुढे दगड आहे, पाण्याखाली. अजून उजवीकडे." माझ्या मानेवर, केस संपतात तिथे, त्यांची नजर होती. वल्ही एका लयीत पडू लागली. लव्हाळं अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं. खालून पाण्याचा आवाज येत होता, सावकाश, सारखा. तो बाहेरचा होता की आतला, हे पुढे बसलेल्याला कळत नाही.